गोतावळा आटतो तेव्हा: वडील माणसे का टाळू लागले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७३ वर्षांचे असून त्यांच्या निवृत्तीला १३ वर्षे झाली आहेत. नोकरीत असताना त्यांच्या हाताखाली बरीच माणसे होती आणि निवृत्तीनंतरही अनेक वर्षे ते रोज संध्याकाळी मित्रांच्या बैठकीला जात असत. गेल्या दोन वर्षांत त्यांनी आधी समारंभ टाळले, मग बैठक सोडली, आणि आता घरातला फोनही दुसऱ्या कुणी उचलावा असे त्यांना वाटते. कारण विचारले की "आता पुरे झाली माणसे" असे म्हणतात. आई ६९ वर्षांची आहे. तिचा गोतावळा पहिल्यापासून लहान, एक बहीण आणि दोन मैत्रिणी एवढाच, पण ती समाधानी दिसते. मुलीने विचारले आहे की वडिलांचे हे वागणे वयाचा भाग समजून सोडून द्यावे, की आग्रहाने त्यांना माणसांत न्यावे.

वार्धक्यातील आजारांच्या विभागात डॉक्टर म्हणून २६ वर्षे काम करताना हा प्रश्न मला फार वेळा विचारला गेला आहे, आणि बहुतेक वेळा तो उशिरा विचारला गेला आहे. माझे उत्तर असे की वयाबरोबर माणसे कमी होणे स्वाभाविक आहे, पण माणसांपर्यंत जाण्याची वाट बंद होणे स्वाभाविक नाही. या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात, आणि वृद्ध व्यक्ती स्वतःही दुसरीचे वर्णन पहिलीच्या शब्दांत करते, कारण "मला नको वाटते" असे म्हणण्यात मान राहतो आणि "मला जमत नाही" असे म्हणण्यात तो जातो. म्हणून सोडून देणे आणि आग्रह करणे या दोन्हींच्या आधी तिसरे काम करावे लागते. वाट कुठे अडली आहे ते शोधावे लागते.

आधी स्वाभाविक काय ते पाहू. १९६१ मध्ये इलेन कमिंग आणि विल्यम हेन्री या दोन अभ्यासकांनी असा सिद्धांत मांडला की म्हातारपणी व्यक्ती समाजातून हळूहळू अंग काढून घेते, समाजही तिला मोकळे करतो, आणि हे दोघांच्याही सोयीचे असते. त्यांच्याच काळात रॉबर्ट हॅविगहर्स्ट यांच्यासारखे अभ्यासक याच्या नेमके उलट सांगत होते, की मध्यमवयातली धावपळ जितकी टिकवाल तितके म्हातारपण चांगले जाईल. अंग काढून घेण्याचा सिद्धांत अभ्यासकांनी पुढे मोठ्या प्रमाणात सोडून दिला, तरी घराघरांत तो अजून जिवंत आहे. "या वयात असेच असायचे" हे वाक्य मी जेव्हा जेव्हा ऐकते तेव्हा मला तोच आठवतो. त्या एका वाक्यामुळे उपचार होण्याजोगे किती आजार वर्षानुवर्षे तसेच राहिले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

या दोन्ही बाजूंपेक्षा मला पटणारे स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचे आहे. १९९० च्या दशकात त्यांनी दाखवून दिले की माणसांची निवड वयापेक्षा पुढे किती वेळ उरला आहे या जाणिवेवर ठरते. त्यांच्या प्रयोगातला प्रश्न साधा होता: तुमच्याकडे अर्धा तास मोकळा आहे, तर तो घरातल्या जवळच्या माणसाबरोबर घालवाल, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाच्या लेखकाबरोबर, की जिच्याशी आपले जमेल असे वाटते अशा नव्या ओळखीच्या व्यक्तीबरोबर? वृद्धांनी मोठ्या प्रमाणात जवळचे माणूस निवडले, तरुणांची निवड विखुरलेली होती. मात्र तरुणांना "तुम्ही लवकरच दूरच्या गावी एकटे राहायला जाणार आहात" अशी कल्पना करायला सांगितली की त्यांचीही निवड वृद्धांसारखी होई, आणि वृद्धांना "वैद्यकीय शोधामुळे तुमचे आयुष्य २० वर्षांनी वाढले आहे" असे समजायला सांगितले की जवळच्या माणसाकडचा त्यांचा ओढा मावळे. म्हणजे वेळ थोडा आहे हे उमगलेला कुणीही माणूस कामापुरत्या, दिखाव्याच्या आणि त्रासाच्या संबंधांतून बाहेर पडतो आणि जिथे मन रमते तिथे जातो. २७७ अभ्यास आणि १,७७,६३५ व्यक्ती यांची माहिती एकत्र करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणातही असेच चित्र दिसले. तरुणपणापर्यंत माणसाचा गोतावळा वाढतो आणि नंतर तो आयुष्यभर हळूहळू आकसत जातो, पण कुटुंबातल्या जवळच्या माणसांची संख्या फारशी बदलत नाही.

तुमच्या आईचे समाधान यातून समजते. तिने जी तीन माणसे ठेवली ती तिची आहेत, आणि संख्येवरून तिची काळजी करण्याचे कारण नाही. वडिलांचे तसे नाही, असे मला तुमच्या वर्णनावरून वाटते. निवड करणारा माणूस कुणाला तरी निवडतो. नको असलेली दहा नाती सोडली की उरलेल्या दोघा-तिघांकडे तो अधिक वेळ आणि अधिक जीव लावून जातो. वडिलांनी सगळे सोडले आणि त्या जागी कुणालाच जवळ केले नाही. असे दिसले की मी निवडीचा विचार बाजूला ठेवते आणि अडथळा शोधायला लागते.

माझ्याकडे आलेल्या व्यक्तीला मी कधीकधी एक कोरा कागद देते आणि मधोमध "मी" असे लिहून भोवती तीन वर्तुळे काढते. रॉबर्ट कान आणि टोनी अँटोनुची या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये मांडलेल्या कल्पनेवर ही रीत बेतलेली आहे. सर्वांत आत अशी माणसे, ज्यांच्याशिवाय जगण्याची कल्पना करवत नाही. मधल्या वर्तुळात त्याहून थोडी दूरची, तरी महत्त्वाची. आणि बाहेरच्या वर्तुळात कामाच्या, पदाच्या, शेजाराच्या निमित्ताने जोडलेली. पदावर राहिलेल्या पुष्कळ पुरुषांचे बाहेरचे वर्तुळ खच्चून भरलेले असते, मधले रिकामे असते आणि आतल्या वर्तुळात एकटी पत्नी असते. निवृत्तीनंतर बाहेरचे वर्तुळ झपाट्याने रिकामे होते, कारण ती माणसे खुर्चीशी बांधलेली होती, आणि मधल्या वर्तुळातून आत येण्यासारखे कुणी नसल्यामुळे सगळा भार एका व्यक्तीवर पडतो. पत्नी आधी गेली तर अशा पुरुषाचा केवळ जोडीदार जात नाही, कारण नातेवाईकांचे वाढदिवस लक्षात ठेवणारी, मुलांशी बोलणे जुळवून देणारी, पाहुण्यांना घरी बोलावणारी व्यक्तीही तीच असते. हे काम ती करत होती हेदेखील त्याला तेव्हाच कळते.

बाहेरचे वर्तुळ कमी महत्त्वाचे, असा याचा अर्थ घेऊ नये. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवले की नव्या बातम्या आणि संधी आपल्यापर्यंत बहुधा दूरच्या ओळखींतून पोहोचतात, कारण जवळची माणसे तेच जाणतात जे आपण जाणतो. उतारवयात अशा ओळखींचा आणखी एक उपयोग मी पाहते. वाचनालयात पुस्तके देणारी व्यक्ती, फेरीच्या वेळी रोज समोरून येणारे कुणी, जिन्यात भेटणारा शेजारी यांच्यासमोर वृद्ध व्यक्ती आजारी, परावलंबी किंवा कुणाची आई-वडील नसते. ती साधी माणूस असते. घरातल्या प्रेमळ माणसांना नेमके तेवढेच देता येत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकाकीपणाचे दोन प्रकार सांगितले: एक जिवाभावाचे माणूस नसण्याचा, दुसरा समूहात आपली जागा नसण्याचा, आणि एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. भरल्या घरातले आजोबा एकाकी का असतात, या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले.

आता अडथळ्यांकडे येते, आणि इथे थोडे थांबून लिहिते, कारण कुटुंबीय मनाचा शोध घेत बसतात तेव्हा कारण पुष्कळदा कानात, मूत्राशयात किंवा गुडघ्यात असते.

सर्वांत आधी कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी २५ टक्क्यांहून अधिक जणांना दैनंदिन व्यवहार अडावेत इतके कमी ऐकू येते. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात. स, श, फ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत असतात, तर स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते नीट ऐकू येत राहतात. त्यामुळे माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही. "साठ" म्हणाले की "आठ" हे त्याला अंदाजाने ठरवावे लागते. शांत खोलीत, समोर बसलेल्या एका व्यक्तीशी तो नीट बोलतो, म्हणून घरच्यांना शंकाही येत नाही. पण पाच-सहा जण एकाच वेळी बोलत असले, मागे भांड्यांचा किंवा वाहनांचा आवाज असला, की त्याचा मेंदू तुटक शब्द जोडण्यातच दमून जातो. विनोदावर सगळे हसतात तेव्हा तो क्षणभर उशिरा हसतो. एकदा-दोनदा भलतेच उत्तर दिले जाते, कुणी तरी गमतीने बोलते, आणि त्या रात्री तो ठरवतो की आता पुरे झाली माणसे. फोनवर तर समोरच्याचे ओठही दिसत नाहीत. तुमच्या वडिलांनी कोणत्या क्रमाने गोष्टी सोडल्या ते पुन्हा वाचा: आधी गर्दीचे समारंभ, मग बैठक, मग फोन. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करू नये हे मला माहीत आहे, तरी हा क्रम मी इतक्या वेळा पाहिला आहे की पहिली तपासणी कानांचीच करा असे मी निःशंकपणे सांगते.

कानाच्या यंत्राने काय साधते याविषयीही नेमकेपणाने सांगायला हवे. ७० ते ८४ वयाच्या ९७७ व्यक्तींवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात संपूर्ण गटात तीन वर्षांत बुद्धीच्या ऱ्हासावर फरक दिसला नाही, मात्र ज्यांना ऱ्हासाचा धोका मुळातच जास्त होता त्यांच्यात तो ४८ टक्क्यांनी कमी आढळला. याच चाचणीच्या पुढील विश्लेषणात असे दिसले की श्रवणोपचार मिळालेल्या व्यक्तींच्या गोतावळ्यात तीन वर्षांनंतर सरासरी एक माणूस जास्त टिकून राहिला होता. एक माणूस ही संख्या लहान वाटेल, पण या वयात एक माणूस म्हणजे काय असते ते माझ्याकडे येणाऱ्यांना विचारावे. यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला स्वतःचा आवाज परका वाटतो, कागदाची सळसळ त्रासदायक होते, आणि याच काळात बहुतेक यंत्रे कपाटात जातात. पहिल्या महिन्यात बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे दोन-तीनदा परत जाऊन ते जुळवून घेणे हा उपचाराचाच भाग आहे.

दुसरा अडथळा कुणी उच्चारत नाही. लघवी रोखून धरता न येणे, किंवा दर तासाला जावे लागणे, यामुळे घरी बसलेल्या स्त्री-पुरुषांची संख्या मला अस्वस्थ करते. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी मैत्रिणींबरोबर जाणे तीन वर्षे टाळले होते, आणि मुलांना त्या चिडक्या झाल्या आहेत असे वाटत होते. जिथे जायचे तिथे स्वच्छतागृह जवळ असेल की नाही, ही एकच चिंता त्यांना होती. रक्तदाब किंवा सूज यांसाठी लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेतली की पुढचे काही तास माणूस घराला बांधला जातो. डॉक्टरांना विचारून त्या गोळीची वेळ बदलल्यावर सकाळची फेरी आणि फेरीतली माणसे परत मिळाली, असे मी अनेकदा पाहिले आहे. या तक्रारींवर औषधे आहेत, व्यायाम आहेत. फक्त कुणी तरी थेट आणि सरळ शब्दांत विचारायला हवे.

पडण्याची भीती ही तिसरी. ६५ वर्षांवरील साधारण तिघांपैकी एक व्यक्ती दरवर्षी एकदा तरी पडते, आणि हाड मोडले नाही तरी धास्ती राहते. धास्तीमुळे चालणे कमी होते, चालणे कमी झाल्याने पायांची ताकद जाते, ताकद गेल्याने पडण्याचा धोका वाढतो, आणि या फेऱ्यात माणसे आपोआप सुटत जातात. मोतीबिंदूमुळे संध्याकाळी समोरच्या दिव्यांचा त्रास होणे, सैल कवळीमुळे चारचौघांत खाण्याची लाज वाटणे, गाडी चालवणे बंद झाल्यावर दर वेळी कुणाला तरी "सोडतोस का?" असे विचारावे लागणे, ही कारणेही याच रांगेत बसतात. यांतले बहुतेक दुरुस्त होण्याजोगे आहे.

शरीराचे पाहून झाले की मनाचे आणि मेंदूचे पाहावे. नैराश्यात माणूस दुःखी दिसेलच असे नसते. वृद्धांमध्ये ते पुष्कळदा थकवा, झोप मोडणे, भूक जाणे, अंगदुखीच्या तक्रारी आणि कशातच रस न उरणे या रूपात येते. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला येणारी निरिच्छता वेगळी असते. तिच्यात व्यक्ती स्वतः कष्टी नसते, कुणी नेले तर जाते, पण स्वतःहून काही सुरू करत नाही. आणखी एक प्रकार मला विशेष सावध करतो. वर्षानुवर्षे मित्रमंडळाचा हिशेब ठेवणारा किंवा पत्त्यांच्या डावात गुण मांडणारा माणूस अचानक ते काम दुसऱ्यावर सोपवतो आणि मग येणेच थांबवतो. आकडे जुळत नाहीत, नावे आठवत नाहीत, हे लोकांच्या लक्षात येईल याची त्याला भीती असते. माणसे टाळणे हे इथे लपवण्याचे साधन असते. लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके नोंदवले, आणि त्यांत कमी ऐकू येणे आणि उतारवयातील सामाजिक अलिप्तता हे दोन्ही आहेत. मात्र अलिप्ततेमुळे मेंदू ढासळतो तसाच ढासळू लागलेला मेंदू माणसाला अलिप्त करतो, आणि कुटुंबाने यातले एकच खरे मानले तर तपासणी राहून जाते.

आजारी जोडीदाराची काळजी घेणारी व्यक्तीही अशीच दिसेनाशी होते. तिच्याविषयी वेगळे लिहायला हवे. इथे एवढेच सांगते की तिला भेटायला या असा आग्रह करू नये, तिच्या जागी दोन तास बसायला जावे.

एकटे असणे आणि एकाकी वाटणे हे वेगळे आहे, हा भेद आपल्या भाषेतच आहे, आणि वैद्यकशास्त्रानेही तो मान्य केला आहे. पहिले मोजता येते: महिन्यातून किती नातेवाइकांशी आणि मित्रांशी संपर्क होतो, किती जणांशी मनातले बोलता येते, किती जणांकडे मदत मागता येते, असे सहा प्रश्न विचारून ३० पैकी गुण देणारी एक प्रश्नावली आम्ही वापरतो, आणि १२ पेक्षा कमी गुण आले तर लक्ष घालतो. दुसरे फक्त विचारूनच कळते. आपल्याला सोबत नाही असे किती वेळा वाटते, आपण वगळले गेलो आहोत असे किती वेळा वाटते, आपण इतरांपासून तुटलो आहोत असे किती वेळा वाटते, हे तीन प्रश्न त्यासाठी पुरतात. मुलांनी ते परीक्षेसारखे विचारू नयेत, बोलण्याच्या ओघात एकेक विचारावा. एकाकीपणा हा म्हातारपणाचाच आजार आहे ही समजूतही चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहांपैकी एका व्यक्तीला तो जाणवतो, आणि तरुणांमध्ये त्याचे प्रमाण वृद्धांपेक्षा जास्त आहे. फरक असा की तरुणाच्या पुढे नवी माणसे भेटण्याची ठिकाणे असतात.

हा विषय मी इतक्या गांभीर्याने का घेते तेही सांगते. १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून अधिक व्यक्ती यांच्या २०१० मधील विश्लेषणात असे आढळले की ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक होती. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत, निरोगी माणसालाच माणसे जोडणे सोपे जाते हेही त्यात मिसळलेले आहे, तरीही रक्तदाबाची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरने "या आठवड्यात कुणाशी बोललात?" हे न विचारणे मला बरोबर वाटत नाही.

आता आग्रहाविषयी. मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवले की दीर्घकाळ एकाकी राहिलेले मन सावध होते. समोरच्याच्या चेहऱ्यावरची नापसंती त्याला लवकर दिसते, साध्या बोलण्यात टोमणा ऐकू येतो, आणि दुखावले जाण्याआधीच मागे सरणे त्याला शहाणपणाचे वाटते. अशा माणसाला गर्दीत नेऊन बसवले तर घरी येताना तो अधिक खात्रीने सांगतो की आपण तिथले नव्हतो. एकाकीपणा कमी करण्याच्या निरनिराळ्या प्रयत्नांचे २०११ मध्ये जे विश्लेषण झाले, त्यातल्या काटेकोर चाचण्यांत भेटीगाठी वाढवण्यापेक्षा लोकांविषयीचे हे चुकीचे अंदाज दुरुस्त करण्याचा अधिक उपयोग दिसला. म्हणून आग्रह करूच नका असे मी म्हणत नाही, पण तो एका माणसासाठी, एका तासासाठी आणि शांत जागेसाठी करा. बैठकीतले दहा जण नकोत. त्यांतला वडिलांना सर्वांत आवडणारा एक जण घरी येऊ दे, आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, आणि दूरदर्शन बंद ठेवून समोरासमोर बसू दे. पहिल्या दोन-तीन वेळा ते नको म्हणतील. तरीही वार बदलू नका.

सहभाग हा शब्द मी अजून वापरला नाही, कारण त्याचा अर्थ फार स्वस्त झाला आहे. ज्येष्ठांसाठी म्हणून भरवलेल्या कार्यक्रमांत ज्येष्ठांना बहुधा खुर्चीवर बसवून काही तरी दाखवले जाते आणि टाळ्या वाजवून ते परत जातात. ज्या ठिकाणी आपण न गेल्यास कुणाचे काही अडत नाही, तिथला आपला सहभाग टिकत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या आणि बाल्टिमोर शहरात ज्याचा सविस्तर अभ्यास झाला अशा एका उपक्रमात ६० वर्षांवरील स्वयंसेवक प्राथमिक शाळांत आठवड्याला किमान १५ तास मुलांना वाचनात मदत करत. त्याची आखणी मला आवडते, कारण मुले वाट पाहतात म्हणून स्वयंसेवक येत असत, आणि त्या येण्यातून त्यांचे चालणे, बोलणे, आठवणे आपोआप होत असे.

घरातही हेच लागू आहे, आणि इथे मला तुमच्यासारख्या प्रेमळ मुलांना थोडे बोलावे लागते. "तुम्ही बसा, आम्ही करतो" असे म्हणत आपण एकेक काम काढून घेतो: बँकेचे काम, बिले, दुरुस्तीवाल्याशी बोलणे, नातवंडांना आणणे-सोडणे. प्रत्येक कामाबरोबर त्या कामातली माणसेही जातात. शिवाय ज्याने आयुष्यभर दिले त्याला फक्त घेत राहणे जड जाते, आणि परतफेड करता येत नाही असे वाटले की तो मदत मागणे आणि भेटणे दोन्ही थांबवतो. "आता आमचे काय काम" हे वाक्य त्याने बाहेरून ऐकून आत घेतलेले असते. म्हातारपणाच्या अभ्यासक बेक्का लेव्ही यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६६० व्यक्तींपैकी ज्यांचे स्वतःच्या म्हातारपणाविषयीचे मत चांगले होते ते सरासरी साडेसात वर्षे जास्त जगले. एका अभ्यासावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण घरात वयाविषयी काय बोलले जाते याकडे लक्ष द्यायला तो पुरेसा आहे.

फोन आणि व्हिडिओ कॉलवरचे बोलणे याविषयी लोक बरेच विचारतात. जी नाती आधीपासून आहेत ती टिकवायला त्याचा चांगला उपयोग होतो. नवी जोडायला फार थोडा. आणि कानांचा उपचार होईपर्यंत वडिलांना तरी काहीच नाही.

म्हणून पहिल्या पंधरवड्यात कानांची रीतसर तपासणी करून घ्या. डोळ्यांचीही त्याच वेळी करा. सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, झोपेच्या गोळ्या धरून, डॉक्टरांसमोर ठेवा, आणि लघवी, चालताना तोल आणि झोप यांविषयी वडिलांना तुमच्यासमोर बोलायला संकोच होत असेल तर त्यांना डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. स्मरणशक्तीची आणि नैराश्याची प्राथमिक चाचणी एकाच भेटीत होते. हे सुरू असतानाच एक मित्र, एक वार, एक तास हे ठरवा, आणि त्यांच्याकडून काढून घेतलेले एखादे काम परत द्या. ते त्यांना खरोखर जमेल असे असावे आणि झाले नाही तर घराला जाणवेल इतके खरे असावे. तीन महिन्यांनी पाहा. माणसांची संख्या मोजू नका; त्यांनी स्वतःहून कुणाचे नाव काढले का, उद्याविषयी काही बोलले का, हे पाहा. सर्व अडथळे तपासून झाल्यावरही ते शांत, आपल्या वाचनात रमलेले आणि एका मित्रावर समाधानी असतील, तर ती त्यांची निवड आहे आणि तिचा मान ठेवा.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र पंधरवडाही थांबू नका: बदल काही आठवड्यांतच झालेला असणे, वजन उतरणे, पैशांच्या व्यवहारात गोंधळ, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे. शेवटची गोष्ट वयाला शोभणारे वैराग्य म्हणून कधीही ऐकू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

आईविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, तरी एक सांगते. तिच्या वर्तुळातली तिन्ही माणसे तिच्याच वयाची आहेत. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्यांतले कुणी आजारी पडेल, कुणी मुलांकडे राहायला जाईल, आणि तेव्हा ८० च्या आसपास नवी मैत्री करणे तिला आजच्याहून अवघड जाईल. तिला येत असलेली एखादी गोष्ट शिकायची इच्छा असलेली, तिच्याहून २०-२५ वर्षांनी लहान अशी एखादी व्यक्ती शेजारात असेल, तर दोघींची गाठ आत्ताच घालून द्या.